उशीखालची भाकरी: आईबाप गमावलेल्या मुलांसोबत काम कसं करावं

हे टिपण जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बालगृहात, आश्रमशाळेत, बाल संरक्षण कक्षात किंवा अंगणवाडी-आशाच्या कामात असलेल्यांसाठी आहे. आईबाप गेलेलं मूल दारात आलं की पहिले तीन-चार महिने काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढाच विषय.

उदाहरणं मात्र बहुतेक युरोपातली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून, जंगलांतून, परक्यांच्या माळ्यांवरून जी ज्यू मुलं एकटी बाहेर आली, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या बायामाणसांनी बारकाईने नोंदी ठेवल्या. चुकाही लिहून ठेवल्या. काहींनी तर ती मुलं मोठी होऊन संसाराला लागली तोवर त्यांचा माग ठेवला. अनाथ मुलांच्या कामाचं इतकं पारखलेलं ज्ञान दुसरीकडे क्वचितच सापडतं. मराठी माणसाला ज्यू म्हटलं की कोकणातले शनवार तेली आठवतात. त्यांना या मातीत कुणी त्रास दिला नाही. युरोपात त्यांचे सुमारे ६० लाख धर्मबांधव मारले गेले.

खान्देशातलं मूल अनाथ होतं ते वेगळ्या कारणांनी: कर्जापायी बापाने घेतलेलं फवारणीचं औषध, महामार्गावरचा अपघात, दारू, ऊसतोडीच्या फडावर अंगावर काढलेलं आजारपण, कोरोना. दोन्ही दुःखं एका मापाने मोजू नयेत. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. मूल ज्या विचित्र सवयी घेऊन येतं, त्याच सवयींनी त्याला तोवर जगवलेलं असतं. त्या मोडायला जाऊ नका. त्यांची गरज संपू द्या. खालचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिला दिवस: नाव, वय, गाव

कायदा आधी सांगून टाकतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत ते बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. रात्री-अपरात्री चाइल्डलाइनचा १०९८ लावा. ‘दोन दिवस आमच्याकडे राहू दे, मग बघू’ हे कितीही मायेने केलं तरी बेकायदेशीर आहे, आणि पुढे हेच मुलाच्या अंगाशी येतं.

आता नोंदीचं. पोलंडमधल्या वॉर्सामध्ये इरेना सेंडलर नावाची समाजसेविका होती, महापालिकेच्या कल्याण खात्यात. ज्यू वस्तीतून चोरून बाहेर काढलेल्या मुलांना ख्रिस्ती नावं देऊन कुटुंबांत आणि मठांत लपवावं लागे. त्या काळातही खरं नाव आणि नवं नाव अशी जोडी पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहिली जाई. पुढे त्या पट्ट्या काचेच्या बरणीत घालून बागेत पुरल्या. सापडल्या असत्या तर मरणच होतं. तरी लिहिल्या, कारण नाव हरवलं की नातेवाईक शोधणार कुठून? युद्धानंतर बव्हेरियातल्या इंडर्सडॉर्फच्या जुन्या मठात संयुक्त राष्ट्रांच्या मदत-पथकाने मुलांचं केंद्र चालवलं. तिथे प्रत्येक मुलाच्या हातात नावाची पाटी देऊन फोटो काढले आणि ते नातेवाइकांच्या शोधासाठी पाठवले.

आपल्याकडे बरणी पुरावी लागत नाही, तरी नावं हरवतात. सातपुड्यातल्या मुलाला घरी एका नावाने हाक मारतात, शाळेच्या रजिस्टरात गुरुजींनी दुसरं लिहिलेलं असतं आणि आधारवर तिसरंच छापलेलं असतं. म्हणून नोंदवहीत नावाचे तीन रकाने करा: घरचं, शाळेतलं, आधारवरचं. घरचं नाव मूल जसं उच्चारतं तसंच लिहा. शुद्ध करू नका.

विचारताना टेबलापलीकडून विचारू नका. खाली बसा, हातात वही नको. मूल अहिराणी बोलत असेल तर ‘तुनं नाव काय शे? तुले घरमा काय म्हनतस?’ एवढं विचारलं तरी खांदे सैल पडतात. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलासाठी त्या भाषेचं माणूस बोलवा; आश्रमशाळेतल्या मोठ्या मुलीसुद्धा चालतात, मात्र घरच्या मृत्यूविषयीचे प्रश्न त्यांच्या तोंडून विचारून घेऊ नका.

गाव शोधायला तालुका विचारून उपयोग नसतो, लहान मुलाला तो माहीत नसतो. पिंप्री, वडगाव, वाघोदे या नावांची गावं एकापेक्षा जास्त आहेत. त्यापेक्षा विचारा: बाजार कोणत्या वारी भरायचा? बाजाराला पायी जायचात की गाडीने? नदी कुठल्या अंगाला होती? यात्रा कुठली? आणि खान्देशातला सगळ्यांत कामाचा प्रश्न: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई कुठे जायची? त्या उत्तरात मामाचं गाव असतं. वडिलांकडची वाट बंद झालेली असते तेव्हा बहुतेक वेळा मामाच्या गावाचीच वाट सापडते.

वयाबाबत सावध राहा. आऊशवित्झच्या छळछावणीत पोचलेल्या कित्येक मुलांनी वय वाढवून सांगितलं, कारण लहानांना थेट मारायला नेत. पुढे इंग्लंडने फक्त सोळा वर्षांखालच्या अनाथांना येऊ दिलं, तेव्हा त्यांतल्याच काहींनी वय कमी करून सांगितलं. दोन्ही वेळा मुलं खोटारडी नव्हती, शहाणी होती. इथे उलटा घोळ असतो. शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी जन्मतारीख दिसली तर ती बहुधा प्रवेशाच्या दिवशी भरलेली असते. कायद्याने वय ठरवताना शाळेचा दाखला पहिला धरतात, मग जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणून तारीख खोटी वाटली तर ‘दाखल्यावर अमुक, मुलाच्या सांगण्यावरून तमुक’ अशी दोन्ही नोंद करून समितीपुढे ठेवा. आपल्या मनाने दुरुस्त करू नका.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे घाईत लिहिलेलं ‘नातेवाईक कोणी नाही’. हे तीन शब्द पुढच्या प्रत्येक कागदावर जसेच्या तसे उतरत जातात आणि मूल मोठं होईपर्यंत कुणी पुन्हा शोधत नाही. माहिती नसेल तिथे ‘अजून कळलं नाही’ लिहा आणि पुढे तारीख टाका. तारीख असली की पुढचा माणूस विचारतो, मग नंतर कळलं का?

जेवण

१४ ऑगस्ट १९४५ ला प्रागहून ३०० मुलं विमानांनी इंग्लंडला आणली आणि विंडरमिअर तळ्याकाठच्या वसाहतीत ठेवली. पहिल्या जेवणाला टेबलांवर पाव मांडला होता. काही क्षणांत टोपल्या रिकाम्या. मुलांनी पाव खाल्ला नाही, कपड्यांत दडवला आणि खोल्यांकडे पळाली. काम करणाऱ्यांनी आरडाओरडा केला नाही, झडतीही घेतली नाही. आणखी पाव आणून ठेवला. पुढच्या जेवणालाही, त्याच्या पुढच्याही. पाव येतच राहतो हे कळल्यावर दडवणं आपोआप थांबलं.

आपल्याकडे हेच भाकरीच्या रूपात दिसतं. गादीखाली, दप्तरात, खिडकीच्या फटीत भाकरीचे कुटके सापडतात. उंदीर-मुंग्या होतात म्हणून काळजीवाहक ते फेकतात आणि सगळ्यांसमोर मुलाला बोलतात. यातून मूल दडवायचं थांबत नाही, जास्त चांगलं दडवायला शिकतं. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करा.

प्रत्येक मुलाला झाकणाचा एक स्टीलचा डबा द्या, अर्धा किलोचा पुरे. त्यावर नाव किंवा मूल निवडेल ते चित्र ऑइलपेंटने काढा. रात्रीच्या जेवणानंतर मुलाच्या देखत त्यात कोरडं काहीतरी भरा: फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे-फुटाणे नकोत, ठसका लागून जिवावर बेतू शकतं; मुरमुरे द्या. दादर ज्वारीची भाकरी हवी असेल तर तीही ठेवू द्या, पण पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी तिला बुरशी येते, म्हणून सकाळी शिळी घ्या आणि ताजी हातात द्या. या क्रमात बदल नको: आधी ताजी हातात, मग शिळी परत. डबा रात्री उशाशी राहील. रात्री उठून खाल्लं तर खाऊ द्या. डबा कधीही शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा लपवायचा नाही. काही आठवड्यांनी सकाळी डबा भरलेलाच सापडायला लागतो. तेव्हाही डबा परत मागू नका; त्यात मूल पुढे खडे, बांगड्यांचे तुकडे, आईचा फोटो ठेवतं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. बर्गन-बेल्सनची छावणी १५ एप्रिल १९४५ ला मुक्त झाली आणि त्यानंतरही तिथे तेरा हजारांहून अधिक माणसं दगावली. बहुतेक टायफसने आणि खंगून, पण काहींचा जीव सैनिकांनी मायेने दिलेल्या डबाबंद मांसाने आणि जड अन्नाने गेला. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातले पोटॅशियम, फॉस्फेटसारखे क्षार झपाट्याने उतरतात आणि हृदय दगा देतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून किंवा फडावरून परतलेलं अगदी वाळलेलं मूल आलं तर तूप, पुरणपोळी, तळलेलं, पोटभर दूध असं काहीही पहिल्या दिवशी नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावा. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खळगा तसाच राहिला, तर मूल थेट पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं. तिथे दर दोन-तीन तासांनी मोजून पातळ आहार देतात. ते काम घरी किंवा बालगृहात होत नाही.

तशी लक्षणं नसतील तर पहिले काही दिवस मऊ मुगाची खिचडी, वरण-भात, भाकरी-दूध, थोडं थोडं आणि दिवसातून पाच-सहा वेळा. ठेचा आणि शेवभाजी नंतर.

आंघोळ, केस, कपडे

छावण्यांतून आलेल्या मुलांना शॉवर, पांढरा कोट, रांग आणि भुंकणारा कुत्रा यांची धडकी भरे, कारण त्या प्रत्येक गोष्टीमागे त्यांनी माणसं मरताना पाहिली होती. इथल्या मुलाची धडकी दुसऱ्या गोष्टींची असते: फवारणीच्या पंपाचा वास, विहिरीचा काठ, दोर, ॲम्ब्युलन्सचा भोंगा, दारू पिऊन आलेल्या माणसाचा घसा. एखाद्या मुलाच्या वडिलांनी औषध घेतलं असेल, तर बालगृहात डासांसाठी फवारणी करताना त्याला बाहेर न्या. कोणत्या मुलाला काय चालत नाही, ही यादी कोठीच्या दारामागे नको, अधीक्षकांच्या वहीत ठेवा. ती दर बदलीच्या वेळी नव्या माणसाला वाचून दाखवा.

पहिल्या दिवशी मुलाला सक्तीने आंघोळ घालू नका. हातपाय धुतले तरी चालतं. बादलीत पाणी, दार आतून बंद करायची मुभा, आणि टॉवेल आधी हातात.

केस भादरू नका. उवा-लिखांसाठी टक्कल करायची गरज नसते आणि आपल्या मुलाला टक्कल म्हणजे सुतक आठवतं. एक टक्क्याचं परमेथ्रिन धुऊन टॉवेलने पुसलेल्या केसांना लावा, दहा मिनिटांनी धुवा, बारीक फणीने लिखा काढा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावा. दुसऱ्या वेळचं विसरलं की महिन्याभरात उवा परत येतात आणि दोष मुलीला दिला जातो. दोन वर्षांखालच्या मुलासाठी डॉक्टरांना विचारूनच. उशीचा अभ्रा, ओढणी, टॉवेल गरम पाण्यात धुवा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात कडक वाळवा.

अंगावरचे जुने कपडे फाटके असले तरी टाकू नका. धुवा, पिशवीत घाला, पिशवी मुलाजवळ द्या. नवे कपडे दोन-तीन रंगांतून त्याला निवडू द्या. जून १९४५ मध्ये बुखनवाल्ड छावणीतली ४२६ मुलं फ्रान्समधल्या एकूई इथे नेली, तेव्हा दुसरे कपडेच नसल्याने पुष्कळांच्या अंगावर हिटलरच्या युवक संघटनेचे गणवेश होते. वाटेत लोकांचा समज झाला की ही जर्मन पोरं आहेत, आणि मग रेल्वेच्या डब्यांवर ‘बुखनवाल्डचे अनाथ’ असं रंगवावं लागलं. कपडा अंगाला झाकतो, तसा मूल कोण आहे हेही सांगतो. सगळ्या मुलांना एकाच तागातले शर्ट शिवले की गावात बाजारातून जाताना लोक लांबूनच ‘ती अनाथालयातली’ म्हणतात. शाळेचा गणवेश सगळ्यांचा सारखाच असतो, तेवढा पुरे.

भावंडं तोडू नका

ऑक्टोबर १९४५ मध्ये तेरेझिन छावणीतली सहा लहानगी, तीन ते चार वर्षांची, इंग्लंडमधल्या बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात आणली. सोफी आणि गर्ट्रूड डान या दोघी बहिणी त्यांना सांभाळत आणि बालमनोविश्लेषक आना फ्रॉइड यांच्या मार्गदर्शनाखाली सगळं टिपून ठेवत. या मुलांना आईबाप आठवतही नव्हते. मोठ्यांना ती चावायची, थुंकायची, खेळणी मोडायची. एकमेकांशी मात्र हेवा नाही, भांडण नाही. जेवायला बसलं की आधी शेजारच्याला मिळालं का ते बघायचं. एकाला थोडा वेळही दुसरीकडे नेलं तर बाकीची पाचही अस्वस्थ. सांभाळणाऱ्यांनी ठरवलं की ही गाठ सोडवायची नाही. मुलं हळूहळू मोठ्यांच्या जवळ आली ती एकमेकांचा हात धरूनच.

आपल्या व्यवस्थेत नेमका हाच धागा पहिल्यांदा तुटतो. मुलींचं बालगृह वेगळं, मुलांचं वेगळं, सहा वर्षांखालची शिशुगृहात. आठ वर्षांची बहीण जळगावला, पाच वर्षांचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात. त्या बहिणीने वर्षभर त्याला कडेवर वागवलेलं असतं. तिच्या दृष्टीने तिचं मूलच हिरावलं जातं.

म्हणून सामाजिक तपासणी अहवालात भावंडांची सगळी नावं पहिल्याच पानावर लिहा आणि समितीकडे लेखी विनंती करा: एकत्र ठेवावं, ते शक्य नसेल तर एकाच शहरात, तेही नसेल तर भेटीचा वार आणि फोनचा वार आदेशातच घालावा. तोंडी आश्वासनावर भेटी होत नाहीत, गाडी मिळाली नाही म्हणून राहून जातात. भेटीचा वार चुकला तर मुलाला त्याच दिवशी कारण सांगा. आजी-आजोबा सांभाळू शकत असतील तर आधी तो मार्ग तपासा. बालगृह हा शेवटचा पर्याय आहे, हे कायदाही म्हणतो.

रक्ताचं नातं नसलेले सोबतीही असतात. फडावर दोन वर्षं एकाच कोपीत वाढलेल्या दोघी मैत्रिणी, स्टेशनवर एकत्र राहिलेले तिघे पोरगे. बुखनवाल्डची काही मुलं ज्या घरात राहिली तिथल्या संचालिका ज्युडिथ हेमेंडिंगर यांनी खोल्यांची वाटणी मुलांवरच सोपवली, तेव्हा एका गावची, एका भागातली मुलं एकत्र आली. इथेही कॉट वाटताना पट्टी घेऊन वयाप्रमाणे लावू नका. शहाद्याची दोघं शेजारी झोपली तर रात्री त्यांच्या बोलीत बोलायला कुणीतरी असतं.

एका मुलाला एक माणूस

चाळीस मुलं आणि पाळीने बदलणारे सहा कर्मचारी असतील तर मूल सगळ्यांचं असतं आणि कुणाचंच नसतं. आना फ्रॉइड यांच्या लंडनमधल्या युद्धकाळातल्या बालसदनात १९४२ मध्ये मुलांचे चार-पाच जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एक ठरलेली बाई दिली. पहिला परिणाम वाईट दिसला. मुलं त्या बाईला चिकटली, मत्सर करू लागली, ती सुट्टीवर गेली की रडून घर डोक्यावर घेऊ लागली. मग बोलणं झपाट्याने सुधारलं, शी-शूच्या सवयी लागल्या. पहिल्या पंधरवड्यातच ‘मुलं बिघडली’ म्हणून प्रयोग बंद करणारी संस्था हा दुसरा टप्पा कधी बघत नाही.

तुमच्याकडे माणसं कमी असतील तरी एवढं जमतं: प्रत्येक काळजीवाहकाच्या नावावर सहा-सात मुलं. त्यांची नखं, केस, आजारपण, शाळेची पालकसभा, रात्री उठलं तर जवळ जाणं, हे त्याच ताईंचं किंवा दादांचं काम. रजेवर जायचं तर दोन दिवस आधी मुलाला सांगायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर परत यायच्या तारखेला त्याच्या हाताने टिकली लावायची. नोकरी सोडताना गुपचूप जाऊ नये, रडारड झाली तरी निरोप घेऊनच जावं. ज्या मुलाची माणसं न सांगता गेली, त्याच्यापासून आणखी एक माणूस न सांगता जाता कामा नये. महिनाभरासाठी येणाऱ्या हौशी स्वयंसेवकांना अभ्यास, मैदान, चित्रकला द्या. झोपवणं आणि भरवणं देऊ नका.

चोरी आणि मारामारी

वॉर्सातल्या ज्यू अनाथालयात डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी मुलांचं न्यायालय चालवलं. न्यायाधीश मुलंच. मुलं मोठ्यांवरही फिर्याद करू शकत, स्वतः कोर्चाकांवरसुद्धा. त्यांच्या संहितेतली पहिली ९९ कलमं कुठल्या ना कुठल्या कारणाने माफ करण्याची होती. ५ ऑगस्ट १९४२ ला त्या अनाथालयातली सुमारे दोनशे मुलं त्रेब्लिंका छावणीकडे नेली गेली, आणि सुटकेची संधी मिळूनही कोर्चाक त्यांच्यासोबत गेले.

न्यायालय मोठी गोष्ट झाली, पण दोन छोट्या गोष्टी लगेच करता येतात. एक, प्रत्येक मुलाला कुलूप असलेला कप्पा आणि किल्ली त्याच्याच गळ्यात. स्वतःचं काही असल्याशिवाय दुसऱ्याचं म्हणजे काय हे समजत नाही. दोन, आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, तक्रारपेटी सगळ्यांसमोर उघडायची आणि मोठ्यांवरच्या चिठ्ठ्या आधी वाचायच्या.

‘आई कधी येणार?’

‘देवाघरी गेली’, ‘गावाला गेली’, ‘तू शहाण्यासारखा वागलास की येईल’, ही तिन्ही उत्तरं नकोत. गावाला गेलेलं माणूस एस.टी.ने परत येतं, म्हणून मूल फाटकापाशी उभं राहतं. शहाण्यासारखं वागूनही ती आली नाही की मूल दोष स्वतःकडे घेतं. युद्धानंतर ज्यू मुलं रेड क्रॉसच्या याद्या पुन्हा पुन्हा धुंडाळत राहिली, कारण कुणी ठामपणे सांगितलं नव्हतं. ‘कळलं नाही’ हे ‘वारले’पेक्षा जड जातं.

सांगायचं असं. ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे त्याने सांगावं, दुपारच्या आधी, म्हणजे झोपेपर्यंत प्रश्न विचारायला दिवस उरतो. वाक्य लहान: ‘तुझी आई वारली. तिचं शरीर खूप आजारी होतं, डॉक्टरांनी उपचार केले, तरी ती वाचली नाही. ती परत येणार नाही. तुझ्यामुळे असं झालं नाही.’ आणि मग गप्प बसायचं. लहान मूल पाच मिनिटांत खेळायला जाईल. त्याला कळलं नाही असं समजू नका. ते थोडं थोडं घेतं, पुन्हा येऊन तेच विचारेल, तेच उत्तर त्याच शब्दांत द्या. आत्महत्या असेल तर ती लपवू नका, कारण गावातलं दुसरं मूल शाळेत सांगणारच आहे. ‘वडिलांचं मन खूप आजारी होतं, त्यांनी स्वतःचा जीव घेतला’ एवढं पुरतं. कसा, ते विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

रडण्याला जागा आणि दिवस द्या. ज्यूंमध्ये गेलेल्या आईबापांसाठी मृत्यूच्या तिथीला कद्दिश ही प्रार्थना म्हणतात. छावण्यांत मेलेल्यांची तारीखच कुणाला माहीत नव्हती, म्हणून इस्रायलच्या धर्मपीठाने तेवेत महिन्याची दशमी अशा सगळ्यांसाठी ठरवून दिली. खान्देशात ती तिथी शोधायची गरजच नाही. आखाजीला घरोघर गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. बालगृहात त्या दिवशी सुट्टी आणि आमरस-पुरणपोळी असते, घागर मात्र नसते. कुंभाराकडून मातीच्या घागरी आणा, ज्या मुलाला भरायची आहे त्याला पाणी भरू द्या, वर डांगर आणि आंबा ठेवू द्या, नाव त्याच्या तोंडून घेऊ द्या. नको म्हणणाऱ्याला आग्रह नाही. आदिवासी मुलांच्या आणि तडवी मुलांच्या घरची रीत वेगळी, ती त्यांच्या गावच्या जाणत्या माणसाला विचारून घ्या.

नातेवाईक आणि जमीन

नेदरलँड्समध्ये लपवून वाचवलेली सुमारे दोन हजार ज्यू मुलं युद्धानंतर अनाथ उरली. त्यांनी नातेवाइकांकडे आणि आपल्या समाजात जावं की जीव धोक्यात घालून वाढवणाऱ्या ख्रिस्ती घरांत राहावं, यावर सरकारी आयोगात वर्षानुवर्षं वाद झाला. दोन्ही बाजूंचं प्रेम खरं होतं. हाल झाले ते मुलाला एका दिवसात इकडून तिकडे उचलून नेलं तेव्हा. म्हणून काका-मामा न्यायला आले तरी सुपूर्द एकदम नको. आधी बालगृहात भेट, मग दिवसभर बाहेर, मग एक रात्र घरी, मग आठवडा. प्रत्येक वेळी परत आल्यावर मूल जेवलं का, झोपलं का, अंथरूण ओलं झालं का ते लिहा.

जमीन असेल तिथे डोळे उघडे ठेवा. वडिलांच्या नावाचा सातबारा आणि आठ-अ काढा. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. कायद्यात त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. नवीन उताऱ्यावर मुलाचं नाव आणि पुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी नोंद दिसली पाहिजे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार काका नैसर्गिक पालक नाही; न्यायालयाने नेमल्याशिवाय त्याला अज्ञान मुलाच्या नावची मिळकत विकता येत नाही. आदिवासीची जमीन तर बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जात नाही. फेरफार मंजूर होण्याआधी हरकत घ्यायची असते, नंतर वर्षं जातात. म्हणून दर सहा महिन्यांनी उतारा काढून फायलीला लावा.

पैशाच्या मदतीचं थोडक्यात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये, राज्याच्या बालसंगोपन योजनेत २,२५०. नातेवाइकाकडे राहणाऱ्या मुलालाही अर्ज करता येतो. खातं मुलाच्या नावाने असावं. अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढा, त्यावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण मिळतं.

पाहुणे आणि फोटो

मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्या दात्याला हे फाटकावरच सांगा. केक कापावा, मुलांसोबत जेवावं, मोबाइल ऑफिसात. ‘अनाथ’ शब्द असलेला बॅनर आत आणू देऊ नये.

फाईल

मुलाची फाईल संस्थेकडे ठेवायला दिलेली असते, ती मुलाची आहे. तिच्यात हे असावं: नावाचे तीन रकाने, भावंडांचे पत्ते, बाजाराचा वार आणि मामाचं गाव, समितीचे आदेश, सातबारा, आणि आईबापांचा फोटो. फोटो आधारवरचा, रेशनकार्डावरचा, लग्नातल्या घोळक्यातला, नातेवाइकाच्या मोबाइलमधला, कसलाही चालेल. मोठा करून दोन प्रती काढा, दोन्ही लॅमिनेट करा. एक मुलाच्या डब्यात, एक फायलीत. डब्यातली हरवली की फायलीतल्या प्रतीवरून नवी काढून त्याच दिवशी द्या. अठरा वर्षं पूर्ण होताना अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरानंतरच्या मुलांच्या निवासात, पाठवण्याआधी संपूर्ण फायलीची झेरॉक्स मुलाच्या हाती द्या, मूळ प्रत संस्थेत ठेवा, आणि पहिल्या पानावर ‘अजून कळलं नाही’ असं लिहिलेली जी ओळ उरली असेल ती त्याला वाचून दाखवा. पुढचा शोध त्याला स्वतःला घ्यायचा असेल, तर सुरुवात तिथूनच होईल.